‘लि’ने अडवलेली पाठ

काल रात्री दंड, म्हणजे अक्षरांतल्या उभ्या रेषा, जुळले! ‘इव्हँजेलियन’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचं मराठी कव्हर करतेय; तीन आठवडे अडलेल्या त्याच्या पाठीवर, म्हणजे अरुंद कडेवर, ते नाव उभं, एका दमात वाचता येतंय.

मागचा प्रिंट आठवत असेल: १४ मिलिमीटरची पाठ, काळ्यावर पांढरी अक्षरं एकाखाली एक, मध्यावर जुळवलेली आणि पार विस्कटलेली. जपानी कव्हरवर ‘काना’ लिपीतलं प्रत्येक अक्षर आपल्या चौकोनात बसतं. छोटा ‘आ’सुद्धा स्वतःचा चौकोन घेतो, फक्त त्यात उजवीकडे वर सरकतो. आपली अक्षरं उभी लावली की शिरोरेषाच तुटते.

म्हणून मध्य सोडला आणि दंड एका रेषेत आणले. ‘जे’, ‘य’, ‘न’ लगेच जुळले. ‘इ’ आणि ‘व्हँ’ला शेवटी दंड नाही, त्यांची शिरोरेषा दंडाच्या रेषेपर्यंत नेली.

‘लि’ने मात्र छळलं. वेलांटीचा दंड डावीकडे, आणि मराठी ‘ल’ला उजवीकडे दंडच नाही. हिंदी वळणाचा, उजवीकडे दंड असलेला ‘ल’ घेतला तर काम पाच मिनिटांचं, पण मराठी कव्हरवर तो मी छापणार नाही. (नव्यांसाठी पुन्हा: सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडा, नाहीतर फॉन्टमध्ये असलेला मराठी ‘ल’ही येत नाही.) वेलांटी रेषेवर ठेवली तर ‘ल’ पाठीबाहेर जातो. शेवटी वेलांटीचा दंड अर्ध्या जाडीचा केला, म्हणजे डोळा त्याला मुख्य रेषा समजत नाही. सकाळी उठल्यावर पहिलं तेच पाहिलं. छान दिसतंय.

रोझा वन हा देवनागरी फॉन्ट बाजूला ठेवला. मोठ्या आकारात देखणा, पण एवढ्या पाठीवर त्याच्या बारीक रेषा काळ्यात बुजतात. बारीक रेषा मालिकेच्या मातिस ईबी या जपानी फॉन्टमध्येही आहेत, पण उभे दंड इतके जाड की अक्षर दाबून अरुंद केलं तरी जोर राहतो. १९९५च्या मालिकेतली शीर्षकं त्यामुळेच अंगावर येतात. तेव्हा अक्षरं हातानेच काढतेय, कमल शेडग्यांची नाटकांची शीर्षकं समोर ठेवून.

प्रेसला काळा फक्त ‘के १००’, म्हणजे एकट्या काळ्या शाईचा, द्या. माझ्या प्रेसवाल्याने न विचारता तो चार शाया मिसळून केला. रंग केसभर सरकले आणि पांढऱ्या रेषा भरल्या, दोन प्रिंट वाया.

हे लिहिता लिहिता सुचलं: मालिकेच्या शीर्षकपाट्यांवर मजकूर कोपऱ्यात वळतो. मग समोरच्या बाजूला ‘इव्हँजेलिय’ आडवं, सलग शिरोरेषेखाली, आणि ‘य’चा दंड तसाच खाली उतरून ‘न’चा दंड झाला तर? ‘लि’ आडव्या ओळीत आपसूक बसतं! पाठ आता आहे तशी राहू दे, आधी समोरची बाजू. खालच्या ‘न’ला स्वतःची शिरोरेषा हवी की नको, ते ठरत नाहीये. आज दोन्ही प्रिंट काढते.