सायलेन्सरवरचा डबा

१८ एप्रिल
सोळा पावसाळे गुरांच्या कोठ्यामागे उभा असलेला आमचा मॅसी फर्ग्युसन १०३५ आज टायरमध्ये हवा भरून, पाच जणांनी ढकलत कडुलिंबाच्या सावलीत आणला. बाबांनी तो १९८४ मध्ये घेतला होता. मद्रासच्या टॅफे कंपनीचा, तीन सिलिंडरच्या सिम्पसन डिझेल इंजिनाचा. २००९ च्या ऑगस्टमध्ये दारव्ह्याहून खताची पोती आणताना तो रस्त्यात बंद पडला, बैलजोडीने ओढून घरी आणला, आणि दिवाळीनंतर सुरू करायला गेलो तेव्हा इंजिन जाम झालेले होते. ड्रायव्हरकाकांनी पाणी-ऑइल न पाहता इंजिन जाळले, असा ठपका बाबांनी ठेवला. ‘डिझेलच भेटून नाही रायलं त्याले,’ एवढेच काका म्हणत राहिले आणि पुढच्या गुढीपाडव्याला त्यांनी आमचे काम सोडले. बाबांना जाऊन आता चार वर्षे झाली.

गेअरमध्ये टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढ, असा सल्ला दिवसभरात तिघांनी दिला. तो मानला नाही, कारण अशा ओढाताणीत गंजलेला पिस्टन सुटण्याआधी कनेक्टिंग रॉड वाकतो.

१९ एप्रिल
ऑइलचा नट सैल केला तेव्हा आधी दोन पेले गढूळ पाणी आले आणि त्यामागून काळे ऑइल. पाणी जड म्हणून तळाशी बसते, हे शाळेत शिकलेले होते. पण ते तिथे पोचले कुठून, हा प्रश्न घेऊन झोपतो आहे.

२३ एप्रिल
हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवले. नट बाहेरून आतल्या बाजूला, थोडे थोडे करत सैल केले आणि पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सळ्या, पुठ्ठ्याला भोके पाडून क्रमाने खोचून ठेवल्या. जी सळी ज्या जागी घासली गेली आहे ती तिथेच परत बसली पाहिजे.

पहिला आणि तिसरा सिलिंडर स्वच्छ निघाला. दुसऱ्यात पिस्टनच्या माथ्यावर गंजाची जाड साय होती आणि तिच्यात कडुलिंबाची दोन काड्यांएवढी पाने कुजून चिकटलेली होती. रेडिएटरचे पाणी गॅस्केट फुटून आत आले असते तर त्याच्याबरोबर पाने आली नसती. गॅस्केट अखंड होते. हेडवर पट्टी आडवी-तिरपी ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातींनी) पाहिले, तर हेडही वाकलेले नव्हते, म्हणजे इंजिन तापून गेले नव्हते. सायलेन्सर काढून उलटा केला तेव्हा त्यातूनही गंजाचे पापुद्रे आणि तीच पाने पडली.

हिशेब तिथेच लागला. तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर २४० अंशांनी एक सिलिंडर पेटतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह साधारण तितकाच वेळ उघडा असतो. त्यामुळे असे इंजिन कुठेही थांबले तरी एखाद्या सिलिंडरचा रस्ता सायलेन्सरपर्यंत बहुधा मोकळाच राहतो. आमच्या इंजिनात तो दुसऱ्याचा होता. उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर पावसाळ्यात डबा पालथा घालतात तो यासाठी. काका वनस्पती तुपाचा डबा घालत असत, रोज, न चुकता. त्या दिवशी बैल सोडून ट्रॅक्टर कोठ्यामागे लावला तो मी.

२४ एप्रिल
काही केले नाही. दुसऱ्या सिलिंडरमध्ये डिझेल आणि जुने ऑइल समभाग ओतून झाकून ठेवले.

५ मे
अकरा दिवस रोज सकाळी पिस्टनवर बाभळीचा ठोकळा ठेवून हलके ठोके दिले. जोर लावण्याचा मोह होतो, पण पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि तो लोखंडाच्या आधी तुटतो. आज सकाळी क्रँकची पुली सुतभर फिरली. मी एकटाच होतो, म्हणून कुणाला सांगता आले नाही. दहानंतर पाना उन्हात राहिला तर हातात धरवत नाही, तेव्हा काम पहाटे पाच ते नऊ एवढेच चालते.

९ मे
ठोकळ्यांचे टेकू देऊन तळाचे ऑइलचे चेंबर खोलले. बिगेंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या, प्रत्येक कॅपवर कंपनीचे आकडे आहेत, तरी पंचने माझे ठिपकेही मारून घेतले. बेअरिंगच्या वाट्या काढताना हात थोडा कापत होता, हे लिहून ठेवतो. ऑइलवाचून चाललेल्या इंजिनात वरचा राखाडी थर जाऊन खालचा तांबूस दिसू लागतो. इथे सहाही वाट्या राखाडी होत्या, पाठीवर एसटीडीचा (स्टँडर्ड, मूळ मापाचा) शिक्का होता, म्हणजे क्रँक एकदाही घासावा लागलेला नाही. ज्या माणसावर इंजिन जाळल्याचा आळ होता त्याने ते पंचवीस वर्षे असे चालवले होते.

मग टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप खोलला. डायफ्रामच्या रबराला अर्धवट गोल चीर गेली होती. डिझेल खरोखरच मिळत नव्हते. तेव्हा पंप उघडला असता तर अर्ध्या तासाचे काम होते.

१७ मे
यवतमाळला जाऊन आलो. दुसऱ्या सिलिंडरच्या स्लीव्हला, म्हणजे आतल्या नळीला, नख अडकेल असे खड्डे पडले होते. लेथवाल्याने एकच बदलण्यास नकार दिला, आणि ते योग्यच आहे. तिन्ही नव्या स्लीव्ह दाबून बसवून बोअर आणि होनिंग केले. डिझेल फवारणारे नोझल वेगळ्या दुकानात टेस्टिंगला दिले. खर्चाचा आकडा वहीच्या मागच्या पानावर आहे, तो इथे लिहीत नाही.

२५ मे
प्रत्येक रिंग आधी नुसती स्लीव्हमध्ये ठेवून, पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलून, तोंडातली फट मोजली. पिस्टनवर चढवताना ती तोंडे एका रेषेत येऊ दिली नाहीत. हेडचे नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळले. टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट थंड इंजिनाला बारा थाऊ, म्हणजे इंचाचे बारा हजारांश.

२ जून
हवा काढण्यात सकाळ गेली. फीड पंपाची हातदांडी कितीही हलवली तरी डिझेल चढेना; मग लक्षात आले की कॅमचा उंचवटा नेमका पंपाच्या दांडीखाली आला आहे, तेव्हा क्रँक एक फेरा फिरवल्यावर दांडीला वजन लागले. आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलच्या पाइपांचे नट. बुडबुडे थांबेपर्यंत एकेक. स्टॉपची दांडी ओढून सेल्फ मारत राहिलो, ऑइलचा काटा हलला, आणि मगच दांडी सोडली. तिसऱ्या सेल्फला इंजिन लागले. पांढरा धूर दोन मिनिटांत विरला.

संध्याकाळी काकांच्या घरी गेलो.

४ जून
काका आज सकाळी आले. आता त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे. मी परवा सांगितलेले सगळे पुन्हा सांगू लागलो तेव्हा त्यांनी हाताने थांबवले. डायफ्राम मात्र मागून घेतला, उन्हाकडे धरला, चीर दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहिली आणि माझ्या हातात परत दिला. बाबांविषयी ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

मग म्हणाले, ‘लाव.’

इंजिन लावले. ते बॉनेटला कान देऊन बराच वेळ उभे राहिले.

‘तिसऱ्याचा टॅपेट बोलून रायला, बाबू. चेकनट कसला नाही तू.’

बंद करून वरचे झाकण काढले. तिसऱ्या सिलिंडरवरची बारा थाऊची पात फटीत सैल जात होती.