पुणे ते फ्रँकफर्ट, कुत्र्यासह: चिपपासून लाल मार्गिकेपर्यंत

प्रवासी: १८ किलोची देशी कुत्री. मार्ग: पुण्याहून गाडीने मुंबई, तिथून थेट विमानाने फ्रँकफर्ट, जादा सामान म्हणून विमानाच्या पोटातून. उड्डाण साधारण नऊ तासांचं, पण तयारी किमान चार महिने आधी सुरू होते, आणि तीही तिकिटाने नव्हे तर चिपने.

रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघाने ज्या देशांना सवलत दिली आहे, त्यांत भारत नाही. म्हणून इथल्या कुत्र्या-मांजरांना लशीच्या जोडीला रक्ताची चाचणीही लागते. क्रम असा: कातडीखाली बसवायची १५ अंकी आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानकाची) मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, आणि नमुन्याच्या तारखेपासून तीन महिने थांबणं. १ जूनला चिप आणि लस झाली, तर रक्त १ जुलैला किंवा त्यानंतर घेता येतं आणि युरोपात प्रवेश १ ऑक्टोबरच्या आधी मिळत नाही. मोजताना दोन-चार दिवस जास्तीचे धरा. तीन महिने रिपोर्ट हातात आल्यापासून नव्हे, रक्त काढल्यापासून मोजतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे लस आधी आणि चिप नंतर. ती लस याच कुत्र्याला दिली याचा पुरावा म्हणजे चिप, त्यामुळे चिपच्या आधीची लस हिशोबात धरत नाहीत. दर वर्षी न चुकता लस दिली असली तरी चिपनंतर पुन्हा द्यावी लागते. एकाच दिवशी दोन्ही करायचं असेल तर आधी चिप बसवून, ती स्कॅनरवर वाचून, मग लस द्यायला सांगा. चिपचा नंबर लसीकरणाच्या पुस्तिकेवर, रक्ताच्या फॉर्मवर आणि प्रमाणपत्रावर अंकन्‌अंक सारखा हवा. आपल्याकडच्या बऱ्याच पुस्तिकांत त्यासाठी रकानाच नसतो. पहिल्या पानावर लिहून घ्या, खाली डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक घ्या. लशीच्या बाटलीवरचं बॅच नंबरचं लेबल पुस्तिकेत चिकटवलेलं असावं.

रक्तातली रेबीजविरोधी प्रतिपिंडं दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरली पाहिजेत, आणि ती युरोपीय आयोगाच्या मान्य यादीतल्या प्रयोगशाळेत मोजलेली हवीत. कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट चालत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच लस मिळालेल्या कुत्र्यात हा आकडा कमी येऊ शकतो. तसं झालं तर पुन्हा लस, पुन्हा वाट, पुन्हा नमुना. म्हणून अशा कुत्र्याला थोड्या अंतराने दुसरा डोस देऊन मगच रक्त घ्यावं का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. एकदा पास झालेली चाचणी पुढची प्रत्येक लस मुदतीत दिली तर चालत राहते. एक बूस्टर उशिरा झाला तर सगळं पहिल्यापासून.

शेवटचा कागद म्हणजे आरोग्य प्रमाणपत्र, इंग्रजी आणि जर्मन अशा दोन्ही भाषांत छापलेलं. त्यावर सरकारी पशुवैद्यकाची सही लागते. त्यासाठी केंद्र सरकारच्या ॲनिमल क्वारंटाइन कार्यालयात, म्हणजे एक्यूसीएसमध्ये, कुत्र्याला घेऊन जावं लागतं. पुण्यातून जाणाऱ्यांसाठी मुंबईचं कार्यालय. सही झाल्यापासून दहा दिवसांत युरोपात पोचायचं असतं. या दहा दिवसांत शनिवार-रविवार आणि गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या आल्या की हातात फार थोडे कामाचे दिवस उरतात, म्हणून उड्डाणाची तारीख कॅलेंडर समोर ठेवूनच ठरवा. मालक वेगळ्या विमानाने जाणार असेल तर दोघांच्या प्रवासात पाच दिवसांहून जास्त अंतर नको.

तिकीट काढण्याआधी त्या विमानात प्राण्यासाठी जागा आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या. एका उड्डाणात मोजकेच प्राणी घेतात. लुफ्तान्सामध्ये पिशवीसह ८ किलोपर्यंतचं जनावर केबिनमध्ये चालतं, त्यावरचं खाली जातं. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना अनेक कंपन्या खाली नेत नाहीत: त्यांना धापा टाकून अंग थंड ठेवणं जड जातं. पिटबुल टेरिअर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरिअर, स्टॅफर्डशायर बुल टेरिअर, बुल टेरिअर आणि त्यांच्या संकरांना जर्मनीत आणायला २००१ च्या कायद्याने बंदी आहे. घरात असा कुत्रा असेल तर पुढचा खर्च करण्याआधी हे तपासा.

पिंजरा आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, मापाने घ्या. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग, ही आतली लांबी. खांद्याच्या रुंदीची दुप्पट, ही रुंदी. उभं असताना डोकं किंवा कानाचं टोक, जे उंच असेल ते, अधिक अंथरुणाची जाडी, ही उंची. ६८ सेंटिमीटर लांब, कोपराशी ३६, खांद्याशी १७, कानापर्यंत ६४ अशा कुत्रीला, अंथरूण ३ सेंटिमीटरचं धरून, आतून ८६ × ३४ × ६७ सेंटिमीटर लागतात. दुकानदार सांगतो ते माप बहुधा बाहेरचं असतं, टेप घेऊन आतून मोजा. दोन भाग धातूच्या नट-बोल्टने जोडलेले हवेत, नुसत्या प्लॅस्टिकच्या क्लिपा नकोत. चाकं काढून टाका. हवेच्या झरोक्यांची सोय चारही बाजूंना, आणि पाण्याचं भांडं दाराला आतून असं अडकवा की बाहेरून भरता येईल.

पिंजऱ्याची सवय हा या तयारीतला सर्वांत मोलाचा भाग आहे आणि लोक नेमका तोच शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. दोन महिने आधी पिंजरा घरात आणा, दार काढून ठेवा, जेवण आतच द्या. आत झोपायला लागली की दार लावा, आधी मिनिटभर, मग तासभर, मग रात्रभर. नंतर पिंजऱ्यासकट गाडीतून फेऱ्या मारा. झोपेचं औषध मात्र देऊ नका: रक्तदाब उतरतो, तोल आणि शरीराचं तापमान सांभाळता येत नाही, आणि खाली लक्ष द्यायला कोणी नसतं. गुंगीतलं जनावर कंपन्या घेतही नाहीत.

प्रवासाच्या दिवशी हलकं जेवण उड्डाणाच्या चार ते सहा तास आधी, पाणी शेवटपर्यंत. भांड्यात पाणी गोठवून ठेवलं तर चढवताना सांडत नाही आणि हळूहळू वितळतं. एक्सप्रेसवेवर खालापूरच्या फूड मॉलला फिरवून आणा. मुंबई विमानतळावर चार तास आधी पोचा. सुरक्षा तपासणीत कुत्रीला बाहेर काढून रिकामा पिंजरा यंत्रातून जातो. याच क्षणी घाबरलेली कुत्री सुटतात, म्हणून हार्नेस आणि गळपट्टा दोन्हींना वेगवेगळे पट्टे लावा. तपासणी झाल्यावर दाराला केबल टाय बांधा.

फ्रँकफर्टला पिंजरा ताब्यात आला की थेट बाहेर पडू नका. कस्टमच्या लाल मार्गिकेत, म्हणजे काही जाहीर करायचं असणाऱ्यांच्या रांगेत, जाऊन कुत्रं आणल्याचं सांगा. तिथे चिप वाचतात आणि मूळ कागद पाहतात. झेरॉक्स फाइलमध्ये असू द्या, मूळ कागद हातातल्या पिशवीत. कागद अपुरे निघाले तर जनावर परत पाठवणं किंवा मालकाच्या खर्चाने विलगीकरणात ठेवणं, आणि दोन्ही शक्य नसेल तर त्याला मारण्याचा अधिकारही कायद्याने अधिकाऱ्यांना आहे. तारखांबद्दल इतकं बजावून सांगायचं कारण हेच.

घर मिळालं की नगरपालिकेत कुत्र्याची नोंद करून कर भरावा लागतो, आणि जर्मनीच्या काही राज्यांत कुत्र्यासाठी दायित्व विमाही (कुत्र्याने कुणाचं नुकसान केलं तर भरपाई देणारा) सक्तीचा आहे. तिथल्या पशुवैद्याकडून युरोपीय पेट पासपोर्टही काढून घ्या. संघातल्या बहुतेक देशांत फिरायला मग तोच पुरतो. पण पुढे आयर्लंड, फिनलंड, माल्टा किंवा नॉर्वेला जायचं असेल तर पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत फीतकृमीचं औषध देऊन पासपोर्टात नोंदवून घ्यावं लागतं.