गॅदरिंगची भिंत

आमच्या कोल्हापूरच्या शाळेचं गॅदरिंग जानेवारीत व्हायचं. नाच-नाटकवाल्यांच्या तालमी वर्गात चालायच्या आणि चित्रकलेची आम्ही पोरं मैदानाकडच्या लांब भिंतीवर असायचो. त्या भिंतीवर दरवर्षी चित्रातून कलामहर्षी बाबूराव पेंटर यायचे, आमच्या कोल्हापूरचे चित्रकार आणि सिनेमावाले. १६ जानेवारी १९५४ ला ते गेले, म्हणून सरांनी त्यांचा स्मृतिदिन आणि गॅदरिंग यांची सांगड घातली होती.

पावसाळ्यात चित्राचे पोपडे सुटायचे. ते खरवडायचे, भिंतीला पांढरा हात मारायचा, खडूने चौकोन आखायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

डाव्या टोकाला नाटकाचा पडदा असे, कारण बाबूराव आणि आनंदराव या भावांचं नाव आधी झालं ते नाटक मंडळींच्या पडद्यांनी. मग कॅमेरा. तो काढण्याआधी सर आम्हाला खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापाशी नेऊन कागदावर काढून घ्यायचे. आनंदराव १९१६ साली गेले, तरी बाबूरावांनी त्या दोघांचं कॅमेऱ्याचं स्वप्न सोडलं नाही. सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तो इथेच, कोल्हापुरात बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आणला. शाळेत न शिकता चित्रकार झालेल्या माणसाने यंत्रही स्वतःच घडवावं, हे ऐकताना आमचे ब्रश थांबायचे. टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं, हे सर दरवर्षी सांगत आणि आम्ही दरवर्षी नव्याने ऐकत असू.

माझा जीव मात्र उजव्या टोकाला. तिथे १९२५ च्या 'सावकारी पाश'ची झोपडी असायची. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट त्या काळी पडद्यावर आणायला केवढं धाडस लागलं असेल! त्यातला तरुण शेतकरी म्हणजे व्ही. शांताराम. झोपडी कोणी रंगवायची यावरून वर्गावर्गांत चढाओढ लागे. शेतकऱ्यांच्या घरची पोरं हट्टाने ती मागून घेत आणि छपराची एकेक काडी अशी काढत की सर मागे उभे राहून नुसते बघत.

मधला चेहरा दरवर्षी वेगळा हात काढायचा, म्हणून बाबूराव कधी रागीट दिसायचे, कधी अगदी आजोबांसारखे. मला ते सगळेच खरे वाटत. ऑइलपेंटने एकदाच पक्कं करून टाकू, असं कुणीतरी सुचवलं होतं. सर नाही म्हणाले. ते बरोबरच होतं. पक्कं केलं असतं तर पुढच्या पोरांना बाबूराव कोण हे भिंतीवरच्या पाटीवर वाचावं लागलं असतं.

गॅदरिंगच्या संध्याकाळी पालक स्टेजकडे जाण्याआधी भिंतीपाशी थांबत. कुणाचा पोरगा कुठल्या चौकोनात आहे ते शोधत. भडंगाचे पुडे हातोहात फिरत. जुने विद्यार्थी येत आणि आमच्या वर्षीचा कॅमेरा जास्त जमला होता म्हणून वाद घालत.

तो वाद आता मीही घालतो. आमच्या वर्षीचा खरंच जास्त जमला होता.