ठाण्याहून कुडाळला नेलेला फ्रिज

फ्रिज चालू असताना फारसा बिघडत नाही. बिघडतो तो हलवताना, बंद ठेवल्यावर आणि लाइट येता-जाता. आमचा दोन दारांचा, २६० लिटरचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज मे महिन्यात ठाण्याहून कुडाळला नेला आणि पुढचा अख्खा पावसाळा तिथे सांभाळला, तेव्हा काय काय केलं ते लिहितो.

टेम्पोच्या आदल्या दिवशी सकाळीच प्लग काढला. फ्रॉस्ट-फ्री म्हणजे आत बर्फ नाही, असा समज असतो. तो असतो, फक्त फ्रीजरच्या मागच्या झाकणाआड, थंड करणाऱ्या कॉइलवर. तो वितळून पाणी नळीतून मागे, कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरतं. म्हणून दोन्ही दारं सताड उघडी ठेवून सात-आठ तास दिले आणि शेवटी तो ट्रे रिकामा करून पुसला. तो भरलेला राहिला, तर पहिल्याच गतिरोधकाला पाणी कॉम्प्रेसरच्या वायरींवर सांडतं.

एकदारी फ्रिज असेल तर बर्फ फ्रीजरच्या कप्प्यातच चढलेला दिसतो. त्याला सुरी किंवा उलथनं अजिबात लावू नका. त्या कप्प्याचा पत्रा सहसा अॅल्युमिनियमचा असतो आणि गॅसची वाट त्याच्यातूनच जाते. टोक रुतलं की गॅस गेला. गरम पाण्याचं पातेलं आत ठेवून दार लावलं की बर्फ आपोआप सुटतो.

काचा आणि भाज्यांचा ड्रॉवर काढून जुन्या चादरींत गुंडाळले. दारांना थेट चिकटपट्टी लावली नाही, कारण डिंक रंगावर बसतो. आधी चादर, तिच्यावर दोरी. हमालांना दोनच गोष्टी सांगितल्या: दाराच्या मुठीला धरून उचलायचं नाही आणि ४५ अंशांपलीकडे कलवायचा नाही. जिन्यावर तेवढं कलतंच, ते चालतं. आडवा मात्र नको. कॉम्प्रेसरच्या डब्यात तेल असतं, ते नळ्यांत शिरतं. पुढे एक मिलिमीटरहूनही बारीक छिद्राची नळी, कॅपिलरी, असते. तिथे तेल अडकलं की फ्रिज घरघरतो, पण थंड होत नाही. शिवाय आतली मोटर स्प्रिंगवर बसवलेली असते, ती धक्क्याने सुटू शकते. टेम्पोवाल्याने आडवा घालायचा आग्रह धरला, तर दुसरा टेम्पो बघावा. भाड्यातल्या फरकापेक्षा कॉम्प्रेसर कितीतरी महाग.

उभा आणलेला फ्रिज चार तास थांबवून लावला तरी पुरतं. रात्रभराचा खड्ड्यांचा प्रवास होता, म्हणून आम्ही दुसऱ्या सकाळपर्यंत थांबलो. आडवा आणावाच लागला तर पूर्ण २४ तास उभा ठेवावा. पुढचे पाय किंचित उंच केले, म्हणजे दार आपल्या वजनाने मिटतं. मागे चार बोटं जागा सोडली आणि अर्थिंग तपासून घेतलं.

जून उजाडला आणि फांद्या तारांवर पडू लागल्या. लाइट गेल्यापेक्षा ती पाच-पाच सेकंदांनी येते-जाते, त्याची जास्त काळजी घ्यावी. कॉम्प्रेसर थांबला की नळ्यांतला दाब उतरायला तीन-चार मिनिटं लागतात. त्याआधी करंट आला तर मोटर दाबाविरुद्ध सुरू होऊ पाहते, तापते, ओव्हरलोड (तापलेल्या मोटरचा करंट तोडणारा स्विच) ट्रिप होतो. असं वारंवार झालं की रिले, म्हणजे मोटर सुरू करून देणारा भाग, जळतो. त्यामुळे उशिरा करंट सोडणारा, टाइम-डिलेवाला स्टॅबिलायझर बसवला. तो नसेल तर लाइट जाताच प्लग काढावा आणि ती स्थिर झाल्यावर पाच मिनिटांनी लावावा.

दार उघडलं नाही तर खालचा भाग साधारण चार तास थंड राहतो. त्याहून लांबलेल्या वेळेसाठी लिटरच्या तीन-चार बाटल्या पाऊण भरून फ्रीजरमध्ये गोठवून ठेवतो आणि लाइट गेली की त्यांतल्या दोन खाली दुधाशेजारी आणतो. फ्रीजरमध्ये एका वाटीत बर्फ जमवून वर रुपयाचं नाणं ठेवलंय. घरी नसताना लाइट जाऊन आली, तरी नाणं तळाशी दिसलं की कळतं: आतलं सगळं एकदा वितळून पुन्हा गोठलंय. मग बांगडे कितीही कडक लागोत, टाकून द्यायचे. घरात इन्सुलिन असेल तर ते बर्फाला टेकू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.

आठवडाभर बाहेर जायचं असेल तर दूध, भाज्या, शिजवलेलं काढून फ्रिज चालूच ठेवतो. दिवाळीत महिनाभर जायचं होतं, तेव्हा पूर्ण रिकामा करून बंद केला. लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून आतून पुसला, दाराच्या रबराच्या घड्या जुन्या टूथब्रशने साफ केल्या आणि दिवसभर वाळू दिलं. नंतर दारांत घडी केलेलं फडकं अडकवून दोन बोटं फट ठेवली. ओलसर फ्रिज मिटून ठेवला तर कोकणच्या हवेत रबरावर काळी बुरशी येते आणि तिचे डाग जात नाहीत.

मागचा ट्रे तेव्हाही कोरडा केला. बंद फ्रिजच्या ट्रेमधलं पाणी लवकर आटत नाही आणि डेंगीचे डास नेमके अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतात.