ताप उतरला आणि पाय गेले

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, पहाटेचे साडेपाच. अमळनेरकडच्या एका गावातून तिघांनी उचलून आणलेला सत्तावीस वर्षांचा गडी, वजन ५८ किलो. तापाचा पाचवा दिवस. ताप आदल्या संध्याकाळीच उतरलेला. एनएस१ पॉझिटिव्ह, म्हणजे डेंग्यू. भावाच्या हातात प्लेटलेटचा रिपोर्ट, ३८ हजार, आणि पिशव्या किती आणू हा एकच प्रश्न. रुग्णाची तक्रार वेगळीच होती : “मना पायस्मा जीवच नही शे.” रात्री लघवीला उठायला गेला, तर खाटेवरून पाय खालीच येईनात.

पाय गादीवर सरकत होते, पण वर उचलता येत नव्हते. हात जेमतेम खांद्यापर्यंत. हातोडी मारल्यावर गुडघा नावापुरता हलला. टोचलेलं, शिवलेलं मात्र सगळं कळत होतं, लघवी सुरू होती, मानही उशीवरून उचलली जात होती. एका श्वासात भरभर आकडे मोजायला लावले. तेवीसवर दम संपला. निरोगी माणूस चाळिशीच्या आसपास सहज जातो. आकडा पंधराकडे घसरायला लागला की व्हेंटिलेटर जवळ ओढून ठेवायचा. दर तासाला मोजणी चालू ठेवली. या तपासणीला पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

बरोबरच्या कागदावर ‘गुलियन बारी?’ (नसा लुळ्या पाडणारा आजार) लिहून सुरतेला हलवायचा सल्ला होता. पण तो आजार बहुतेक वेळा ताप जाऊन एक ते तीन आठवड्यांनी येतो, पाचव्या दिवशी क्वचित. पाठीतलं पाणी काढून बघावं, तर प्लेटलेट ३८ हजार असताना आणि त्या रोज खाली येत असताना मणक्यात सुई घालणं धोक्याचं. स्नायूंना सूज असती तर पोटऱ्या दाबल्यावर ओरडला असता. म्हणून सगळ्यात आधी रक्तातलं पोटॅशियम, कारण ते फार उतरलं तरी स्नायू असेच लुळे पडतात. ब्लड गॅसच्या मशीनवर पाच मिनिटांत आकडा आला : २.१. हवं ३.५ ते ५. ईसीजीत टी लाट चपटी आणि तिच्या मागे यू लाट, म्हणजे कमी पोटॅशियमचीच खूण.

कारण गावातल्या उपचारांत सापडलं. तीन दिवस उलट्या, पोटात अन्न नाही, आणि गावात रोज दोन बाटल्या ग्लुकोजची सलाईन. ग्लुकोज गेलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम पेशींमध्ये ढकलतं. तापाच्या ताणातलं अ‍ॅड्रेनलिनही तेच करतं. वर स्टेरॉइडचं इंजेक्शन. ताप-अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक कमरेत टोचलेलं, तिथे प्लेटलेट कमी असल्याने रक्त साकळून लिंबाएवढी निळी गाठ.

दुसरीकडे डेंग्यू आपला घड्याळ लावून बसलेला. ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपण्याचे. एचसीटी (रक्त किती घट्ट झालं त्याचा आकडा) दोन दिवसांत ४२ वरून ५१, नाडी ११८, बीपी १०४/८०. वरच्या-खालच्या आकड्यातला फरक २४. तो २० वर आला की शॉक धरायचा. म्हणजे पाणीही द्यायचं होतं आणि पोटॅशियमही, आणि गफलत होते ती नेमकी इथे. किलोला तासाला ५ मिली धरलं तर २९० मिली. हाताच्या शिरेतून पोटॅशियम तासाला १० मिलीइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक), म्हणजे ५०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये २० चा एक अँप्युल, दोन तासांत. तासाला २५० मिली झाले की! दुसऱ्या शिरेला उरले फक्त ४०. पोटॅशियमची बाटली ‘औषध’ म्हणून बेरजेतून सुटली, तर दुप्पट पाणी जातं आणि तिसऱ्या दिवशी तेच छातीत भरतं. मिसळायचं सलाईनमध्येच, ग्लुकोजमध्ये नाही. अँप्युल घातल्यावर बाटली आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची. नाहीतर जड पोटॅशियम तळाला बसतं आणि सुरुवातीलाच एकदम जातं. थेट शिरेत तर कधीच नाही, हृदय थांबतं. लघवी तासाला ३० मिलीच्या वर आहे हे बघूनच सुरू केलं, मॉनिटर लावून.

चार तासांनी एचसीटी ४६, पोटॅशियम २.८. उलट्या थांबल्या होत्या. पोटॅशियमची बाटली बंद केली. साधं सलाईन किलोला ३ मिलीवर आणि पोटॅशियम क्लोराइडचं सिरप १५ मिली, ग्लासभर पाण्यात, दर सहा तासांनी. इथे हात आखडताच हवा. पेशींत गेलेलं पोटॅशियम पुढे आपोआप बाहेर येतं, आणि तोवर आपण भरत राहिलो तर ते ६ च्या वर जातं. नमुना घेतानाही पट्टा घट्ट आवळला किंवा रक्त फेसाळलं, तर आकडा खोटा वाढतो आणि आपण निर्धास्त होतो.

दुपारी टाच गादीवरून उचलली. संध्याकाळी एका श्वासातले आकडे अडतीसपर्यंत. दुसऱ्या दिवशी पोटॅशियम ३.९, भिंतीला हात लावत तो स्वतः संडासला जाऊन आला. भाऊ दारातच उभा : “साहेब, प्लेटलेट?” ३१ हजार. कुठे रक्तस्राव नव्हता, पिशवी लावली नाही. थायरॉइडचं काम वाढल्यानेही असेच पाय जातात, म्हणून दोन आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि पोटॅशियम पुन्हा करायला सांगितलं. दोन्ही नॉर्मल आले.