बुडबुड्यासकट काढलेली आकृती

कर्करोगावर संशोधन करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग औषध सापडलं का?" शाळेच्या स्मरणिकेसाठी लिही म्हणून सांगणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणीनेही तोच विचारला. औषधं सापडली आहेत. काहींना ती वर्षानुवर्षं तारतात आणि बऱ्याच जणांना अजिबात लागू पडत नाहीत. माझी सगळी नोकरी या 'लागू पडत नाहीत'वर चालली आहे.

मी रोगप्रतिकारशास्त्राकडे वळले तेव्हा कर्करोगतज्ज्ञांचा या विषयावर फारसा विश्वास नव्हता. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी १८९१ साली गाठींत मुद्दाम जिवाणू टोचले होते. ताप चढला, काहींच्या गाठी विरघळल्या, काही जण त्या संसर्गानेच दगावले. पुढे क्ष-किरण आले आणि कोली मागे पडले. १९५७ च्या सुमारास बर्नेट आणि थॉमस या शास्त्रज्ञांनी कल्पना मांडली, की शरीर बिघडलेल्या पेशी स्वतःच हुडकून मारत असतं. ती पारखायला ओसियास स्टुटमन यांनी थायमस (टी-पेशी, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी, जिथे घडतात ती ग्रंथी) नसलेले, बिनकेसांचे उंदीर घेऊन त्यांना कर्ककारक रसायन टोचलं. या उंदरांना जास्त गाठी व्हायला हव्या होत्या, झाल्या नाहीत. १९७४ चा तो निबंध आला आणि अनेकांनी विषयच मिटवला.

स्टुटमन यांचं निरीक्षण चोख होतं. पण ते उंदीर पुरते निःशस्त्र नव्हते. त्यांच्यात थायमसवाचूनही बनणाऱ्या नैसर्गिक मारक पेशी होत्या, थोड्या टी-पेशीही होत्या. टी-पेशी आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी मुळीच नसलेल्या उंदरांत गाठी खरोखर जास्त होतात, हे रॉबर्ट श्रायबर या शास्त्रज्ञाच्या गटाने दाखवलं ते २००१ मध्ये. मधली पंचवीसएक वर्षं एका अनुमानाने खाल्ली.

हा इतिहास वाचताना मला आपल्या जीवशास्त्राच्या बाई आठवल्या. कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग होता. सगळ्या वर्गाच्या वहीत विटा रचल्यासारख्या सुबक पेशी. बाईंनी माझी वही उचलली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि विचारलं, "ही आकृती पुस्तकातली झाली. तुझ्या काचेवर काय आहे?" काचेवर होती जाड काळ्या कडांची दोन मोठी वर्तुळं, आणि त्यांच्याआड कशाबशा दिसणाऱ्या पेशी. ती वर्तुळं काढायला लावून बाईंनी शेजारी नाव द्यायला सांगितलं: हवेचा बुडबुडा. निरीक्षणाच्या रकान्यात अनुमान शिरलं तर वही परत यायची. बोर्डाच्या परीक्षेत या शिस्तीचा एकही गुण वाढत नाही, तेव्हा आमची कुरकुर अगदीच अवाजवी नव्हती.

पुढे माझं पहिलं खरं काम याच जातीचं निघालं. त्याआधी औषधाविषयी दोन शब्द. टी-पेशींच्या पृष्ठभागावर त्यांना आवरणारे रेणू असतात. त्यातला पीडी-१ (प्रोग्रॅम्ड डेथ-१) हा १९९२ मध्ये जपानचे तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत पेशीमृत्यूची जनुकं शोधताना हाती लागला. त्याचं खरं काम लगाम घालण्याचं आहे हे मागाहून उलगडलं, तरी नावातला 'डेथ' तसाच राहिला. दुसरा सीटीएलए-४. अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन यांच्या गटाने प्रतिपिंडाने, म्हणजे त्याला जाऊन चिकटणाऱ्या प्रथिनाने, तो अडवला, तर उंदरांतल्या गाठी नाहीशा झाल्या. नाताळच्या सुट्टीत प्रयोग पुन्हा केला तेव्हा कोणत्या पिंजऱ्याला काय दिलंय हे न पाहता अ‍ॅलिसन स्वतः गाठी मोजत होते. आधी सगळ्याच वाढत होत्या. मग एका गटातल्या थांबल्या. १९९६ मध्ये निबंध, २०११ मध्ये माणसांसाठी औषध, २०१८ मध्ये अ‍ॅलिसन आणि होन्जो दोघांना नोबेल.

माणसांतही काहींची गाठ स्कॅनमध्ये आधी मोठी दिसते. जुन्या नियमाने हे औषध हरल्याचं लक्षण. पण अशा काही गाठींचा तुकडा काढून पाहिला तर आत टी-पेशींची गर्दी असते. फुगलेली असते ती फौज. त्या पातळ कापांना रंग देऊन कोणती पेशी कोणाची हे मोजत मी उमेदवारीची वर्षं काढली. हेही सांगायला हवं, की असं थोड्याच रुग्णांत घडतं. बहुतेकदा वाढलेली गाठ खरोखरच वाढलेली असते. हा फरक न सांगता आशा वाटत फिरणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. शिवाय लगाम सुटलेल्या पेशी कधी आतड्यावर, कधी थायरॉइडवर, कधी फुफ्फुसांवर उलटतात, आणि ते दुखणं किरकोळ नसतं.

सध्या आमचा गट नियामक टी-पेशींवर काम करतो. या पेशी इतर पेशींना गप्प बसवतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या ओळखल्या. २०२५ चं नोबेल त्यांना ब्रुन्को आणि रॅम्सडेल यांच्यासह मिळालं. गाठीत त्या ठाण मांडून बसतात. सगळ्या शरीरातून काढल्या तर शरीर स्वतःवरच हल्ला चढवेल. म्हणून फक्त गाठीतल्या नमवायच्या, बाकीच्यांना धक्का लावायचा नाही. उंदरांत हे बरंचसं जमतं. माणसांत अजून झगडतो आहोत.

शाळेतली मुलं पत्रातून विचारतात, या क्षेत्रात यायला काय शिकू? हल्ली एकेका पेशीतली जनुकं वेगवेगळी वाचणारी यंत्रं आहेत. एका तुकड्यातून हजारो पेशींची माहिती येते. पिपेट धरणारे हात आम्हाला मिळतात, आकड्यांशी भांडणारी डोकी कमी पडतात. तेव्हा जीवशास्त्र टाळण्यासाठी ज्यांनी गणित धरलंय, त्यांनीही खुशाल अर्ज करावा. पेशी आम्ही शिकवू.