दशीवरून मॅचिंग

परवा दुपारी किरमिजी आणि हिरव्या सुताची दोन रिळे टेबलावर शेजारी ठेवून मी दोन्हींचे एकेक टोक बोटांत घेऊन पिळत बसले होते. नव्या उपरण्याचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, कोणता आणि बाणा, म्हणजे त्यांतून जाणारे आडवे धागे, कोणता, एवढेच ठरवायचे होते. रिळांवर दोन्ही रंग असे झळकत होते की आणखी विचार करण्याचे कारणच नव्हते; पण पीळ पडला आणि हात लांब धरून पाहिले, तर किरमिजीही नाही आणि हिरवाही नाही, नुसता मातकट तपकिरी. एकमेकांच्या विरोधातले रंग बारीक सुतात एकाआड एक गुंतले की एकमेकांना खाऊन टाकतात. पैठणीत हिरव्या अंगाला लाल काठ शोभतो, कारण कडियल विणीत काठासाठी बाण्याचे सूत नेणारा वेगळा धोटा चालतो आणि काठाचा ताणाही त्याच लाल रंगाचा असतो. लाल आणि हिरवा तिथे शेजारी नांदतात, एकमेकांत मिसळत नाहीत.

पुठ्ठ्याच्या पट्टीवर सूत गुंडाळून रंगसंगती पाहण्याची पद्धत सगळ्यांनाच ठाऊक आहे आणि मलाही ती प्रिय आहे. एका इंचात 24 वेढे बसले, तर साध्या विणीला इंचाला साधारण 12 ताणे धरावेत, हा हिशेब त्याच पट्टीवर होऊन जातो. रंगांच्या बाबतीत मात्र ही पट्टी अर्धेच सांगते, कारण तिच्यावर सगळे धागे एकाच दिशेने जातात.

हे मला पुस्तकांच्या कितीतरी आधी आत्याने दाखवून दिले होते. मॅचिंगचा ब्लाउजपीस आणायचा म्हणजे अख्खी साडी पिशवीत घालून लक्ष्मी रोडच्या गर्दीत हिंडणे तिला मंजूर नव्हते. साडीच्या टोकाची एक दशी ती तोडून घ्यायची, बसच्या तिकिटाला गुंडाळायची आणि तिकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायची. दुकानात गेल्यावर ती दशी कापडाच्या ताग्यावर आडवी ठेवली जाई, मग तागा आणि आम्ही दोघी दुकानाच्या पायरीवर उजेडात जात असू. ट्यूबलाइटखाली घेतलेल्या निर्णयावर आमच्या घरात कोणाचाच विश्वास नव्हता. एकदा तिच्या, हलवली की रंग बदलणाऱ्या धूपछाव साडीसाठी दशीशी तंतोतंत जुळणारे अंजिरी कापड मिळाले, आणि घरी साडीवर ठेवले तर त्याचा साडीशी काही संबंधच दिसेना. दुसऱ्या दिवशी दुकानदार शांतपणे म्हणाले, “वहिनी, दशी म्हणजे नुसता ताणा. बाणा तुम्ही घरीच ठेवून आलात.” आत्या त्यांच्यावर आठवडाभर रागावली होती. साडीचा बाणा मोरपंखी होता.

शेजारामुळे रंग कसा बदलतो, याचा छडा ज्याने शास्त्रीय पद्धतीने लावला, तोही कापडाच्या तक्रारीपासूनच तिथे पोहोचला होता. मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ 1824 साली पॅरिसच्या गोब्लँ या विणलेल्या भिंतचित्रांच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख झाला, तेव्हा काळ्या लोकरीला पुरेसा काळेपणा नाही अशी ओरड होती. रंग तपासल्यावर त्यात दोष निघाला नाही. त्या काळ्याच्या शेजारी निळे आणि जांभळे धागे होते, म्हणून तो फिका वाटत होता. हा गृहस्थ पुढे 102 वर्षे जगला. रंगाचे भांडण रंगाऱ्याशी नव्हे, शेजाऱ्याशी असते, हे पेठेतल्या वाड्यात राहिलेल्या माणसाला इतक्या प्रयोगांशिवायही पटले असते.

म्हणून हल्ली मी जवळजवळचे रंग घेते, डाळिंबीवर अंजिरी किंवा शेवाळीवर मोरपंखी, आणि ताण्याच्या टोकाला वीतभर जास्त सूत ठेवून तिथे बाणे बदलून पाहते. तेवढे सूत वाया जाते, ते जाऊ द्यावे.

अर्थात ही चैन मागावर पोट नसलेल्यांची आहे. कितीतरी विणकरांना रंगवलेले सूत आणि नक्षी दोन्ही व्यापाऱ्याकडून येतात आणि हातात पडते ती साडीमागची मजुरी. एकदा चढवलेल्या ताण्यावर एकापाठोपाठ अनेक साड्या निघतात, तोवर तो बदलता येत नाही. न आवडणारा रंग विणकर महिनोन्‌महिने डोळ्यांसमोर ठेवून विणतो, आणि साडी नेसणारीला त्यातले काहीच कळत नाही.